चारही चाकं

गाडी दिसायला अगदी साधी होती. लहान, ठेंगणी, मागे उघडणारं दार, रंग ओल्या पाटीसारखा. रस्त्यात उभी असली की बहुतेक लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. ज्यांना कळायचं ते मात्र पुढे गेलेले परत मागे येत, वाकून चाकं बघत आणि मग मालक कुठे दिसतो का म्हणून इकडेतिकडे पाहत. कंपनीने ही गाडी मोजकीच काढली होती. एखादं मॉडेल शर्यतीत उतरवायचं तर तशा काही गाड्या सामान्य गिऱ्हाइकांनाही विकायच्या, असा तेव्हाचा नियम होता. नियमापुरत्या गाड्या विकल्या आणि कंपनीने ते काम बंद केलं. एवढ्याशा अंगात दांडगं इंजिन आणि त्याचा जोर पुढच्या दोन नाही, चारही चाकांना.

मालक शोधणाऱ्यांना मालकीण सापडायची. ती लोकांचे कान तपासायची. दिवसभर बाहेरचा आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसून माणसांना बारीक बारीक आवाज ऐकवायचे, ज्यांना ते ऐकू येत नाहीत त्यांच्या कानाला यंत्र बसवायचं, हे तिचं काम. गावात तिला सगळे कानवाल्या बाई म्हणत.

गाडीच्या आधीच्या मालकाने ती कापडाखाली झाकून ठेवली होती. कानवाल्या बाईंनी आणल्या दिवसापासून ती पळवली. दर आठवड्याला त्या डोंगरावरच्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत जात. तो रस्ता चढाचा, वळणांचा, आणि वरच्या टप्प्यात डांबर उखडून नुसती खडी उरलेली. तिथे मोठमोठ्या गाड्या फुरफुरत राहायच्या आणि ही खालचा गिअर टाकला की मांजरासारखी वर चढायची. तेल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचे पॅड घालणं हे सगळं बाई स्वतः करत. सुट्टीच्या दिवशी त्यांचे पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसत आणि बाकीची बाई दिसत नसे.

"घरात दोन सुना आहेत," त्यांचे सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "एक बोलते, दुसरी गुरगुरते. कुठली कुठली ते विचारू नका."

सासऱ्यांना गाव मास्तर म्हणे. सगळा जन्म त्यांनी नगराच्या तलावावर पोहायला शिकवण्यात घालवला. अर्धं गाव त्यांच्या तळहातावर तरंगायला शिकलेलं. पाण्याने आणि वयाने कान गेले होते, पण आवाज अजून तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत पोचेल असा. सुनेने बसवलेलं यंत्र ते कानात घालत आणि नको ते बोलणं सुरू झालं की काढून खिशात टाकत. बाईंशिवाय गाडी चालवायची मुभा फक्त त्यांना होती. नवऱ्याला नव्हती. तो शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, स्वभावाने गरीब, पण क्लचवर पाय ठेवून झोप काढतो असं बाईंचं म्हणणं होतं.

एके दिवशी सकाळी चहा पिताना बाई म्हणाल्या, "गाडी मागून गुणगुणतेय."

"कधीपासून?" नवऱ्याने विचारलं.

"काल घाटातून उतरताना ऐकू आलं. बारीक आहे. माशी बाटलीत अडकल्यासारखं."

"मला नाही ऐकू आलं."

"तुला मी हाक मारते तेही ऐकू येत नाही."

मास्तरांनी यंत्र नीट बसवलं आणि संध्याकाळी मुद्दाम एक फेरी मारून आले. त्यांनाही काही ऐकू आलं नाही. बाईंनी गाडी त्यांच्या मेकॅनिककडे नेली. त्याला सगळे नटबोल्ट म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम दोन्ही खुळखुळत. त्याने चाकं हलवून पाहिली, बेअरिंग तपासली आणि हात पुसत म्हणाला, "ताई, तुमचे कान जरा जास्तच चांगले आहेत. गाडीला काही झालेलं नाही."

काही झालं होतं ते पुढच्याच आठवड्यात कळलं. पहाटे पाऊस पडून गेला होता, खडी ओली होती. शाळेच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरली. अशा वेळी मागची चाकं ढकलतात, हे बाईंच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्या ढकलण्याची त्यांनी वाट पाहिली. ते आलं नाही. गाडी हळूच मागे सरकली, तिरकी झाली आणि एक चाक गटारात उतरून थांबली. पलीकडे दरी होती. बाई दार उघडून बाहेर आल्या, चाकामागे दगड लावला आणि यंत्रांची पेटी खांद्याला अडकवून उरलेला चढ पायी चढल्या. मुलांचे कान तपासून झाल्यावर शाळेतल्या ट्रॅक्टरने गाडी वर ओढून काढली.

नटबोल्टने गाडी वर उचलली. या वेळी मास्तरही सोबत आले होते. गाडीच्या मागच्या बाजूला, पुढून जोर आणणाऱ्या लांब दांड्याच्या म्हणजे शाफ्टच्या टोकाशी, नारळाएवढा एक डबा असतो. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना द्यायचा की नाही हे तो ठरवतो. नटबोल्टने त्यातलं थोडं तेल बोटावर घेतलं, हुंगलं आणि बोट बाईंपुढे केलं. जळकट वास येत होता.

"आतल्या चकत्या गेल्या," तो म्हणाला. "जळाल्या. पण का जळाल्या?" मग तो चाकांभोवती फिरला, चारही टायरांवर तळवा ठेवत. मागच्या उजव्या चाकापाशी थांबला. "हा टायर नवा आहे."

"नवा कसा असेल?" बाई म्हणाल्या. "चारही मी एकदमच घातले होते."

"हात लावून बघा. बाकीचे तीन झिजलेत, हा नवा. म्हणजे हा किंचित उंच. उंच चाक कमी फेरे मारतं. या डब्याला वाटतं, फेऱ्यांत फरक आहे म्हणजे कुठलं तरी चाक घसरतंय. तो बिचारा सांभाळायला धावतो. सरळ रस्त्यावरसुद्धा धावतच राहतो. धावून धावून जळाला. या गाड्यांना एकटा टायर बदलून चालत नाही."

मास्तर म्हणाले, "तो मी बदलला."

मग त्यांनीच पुढे सांगितलं. बाई परगावी परिषदेला गेल्या होत्या तेव्हा दगडावर चाक जाऊन टायरची बाजू फाटली. त्यांनी दुकानात जाऊन त्याच कंपनीचा, त्याच मापाचा टायर बसवून घेतला. "तुला आल्या आल्या कटकट नको म्हणून बोललो नाही," ते म्हणाले. "माप तेच होतं गं."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" बाईंचा आवाज चढला. "एक फोन करता आला नाही? मी आज दरीत असते, बाबा. माझी गाडी तर गेलीच."

गॅरेजमधले दोघेतिघे माना खाली घालून आपापल्या कामाला लागले. मास्तरांनी या वेळी यंत्र काढून खिशात टाकलं नाही. सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी आपल्याकडची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी आता कुठल्याच गाडीला हात लावणार नाही. वय झालंय."

बाईंनी किल्ली तिथेच राहू दिली. राग होताच. शिवाय तोंडून निघून गेलेलं कसं परत घ्यायचं, हे त्यांना कधीच जमलं नव्हतं.

नटबोल्टने दोन दिवस फोनाफोनी केली. तो डबा कंपनीने बनवणं केव्हाच थांबवलं होतं. कुठल्याच गोदामात तो शिल्लक नव्हता.

"एक सांगू, ताई?" तो म्हणाला. "शाफ्ट काढून टाकतो. पुढच्या दोन चाकांवर मस्त चालेल. गावात काय, बाहेर काय, कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"मग विका. अशा गाड्या शोधत फिरणारे आहेत. बिघडलेलीसुद्धा घेतील."

"विकायची नाही आणि दोन चाकांवर ठेवायचीही नाही. शाफ्ट सध्या काढ, गाडी फिरण्यापुरती चालली म्हणजे झालं. डब्याचं मी बघते."

त्या हट्टाला पेटल्या. रोज काम संपलं की त्या या गाड्यांच्या मालकांना गाठत. कोणी गाडी विकून मोकळा झालेला, कोणी नुसता आपल्या गाडीचं कौतुक ऐकवणारा. एकजण म्हणाला, अशी गाडी खडीवर नेता म्हणजे तुम्हाला शिक्षाच व्हायला हवी. बाईंनी त्यालाही शांतपणे विचारलं, तुमच्या ओळखीत कोणाची मोडलेली आहे का? होती. दूरच्या एका गावातल्या बेकरीवाल्याची गाडी झाडावर आदळली होती आणि अजून त्याच्याकडेच पडून होती.

निघायच्या सकाळी बाईंनी गाडी बाहेर काढली आणि मास्तरांना म्हणाल्या, "चला."

"मी कशाला?"

"डबा जड असतो. उचलायला हात लागतील."

मास्तर निमूटपणे येऊन बसले, तेही मागच्या सीटवर. पुढची सीट रिकामीच राहिली. निम्म्या वाटेपर्यंत दोघांत बोलणं झालं ते खिडकी उघडू का आणि उघडा एवढंच. मग मास्तर म्हणाले, "रागावलीस त्यात तुझं चुकलं नाही." बाईंनी आरशात पाहिलं. ते बाहेर बघत होते. "आवाज चढवायला नको होता," त्या म्हणाल्या. मग मास्तरांनी न विचारताच खिडकी उघडली.

बेकरीच्या मागे पत्र्याची शेड होती. एका बाजूला मैद्याची पोती आणि दुसऱ्या बाजूला, पोत्यांपेक्षा कमी जागेत, पुढून चेपलेली लाल गाडी. बेकरीवाला थोराड, हातांवर भट्टीचे जुने चट्टे. भट्टीचं काम दुपारी संपलं की तो इथेच असतो, असं त्याची बायको हसत म्हणाली होती. त्याने बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"देणार नाही."

"मी योग्य ते—"

"तसं नाही. मी ही उभी करणार आहे. पुढचा सांगाडा सरळ झाला, हे बघा. इंजिन तिथे झाकून ठेवलंय. सगळे म्हणतात भंगारात घाल. माझी आईसुद्धा म्हणते. तुम्हालाही म्हणाले असतील ना काही?"

"म्हणाले."

"मग तुम्ही तरी मागू नका."

 त्याच्या जागी बाईंनीही हेच उत्तर दिलं असतं. इतक्या लांब येऊन हात हलवत परत जायचं या विचाराने त्यांचा चेहरा उतरला. मास्तर मात्र गाडीभोवती फिरत होते. त्यांनी आपल्या आवाजात विचारलं, "ही सरळ करायला किती दिवस लागले रे तुला?"

शेडचे पत्रे दणाणले. बेकरीवाला हसला. "दिवस मोजले असते तर सोडून दिली असती, काका."

"मीच हिच्या गाडीचा डबा जाळला," मास्तर म्हणाले. "एकटा टायर बदलून."

बेकरीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. पोतं बाजूला सारून तो खाली बसला. "अख्खा डबा कशाला हवाय तुम्हाला? टायरने जळाला असेल तर आतला तेलाचा पंप आणि बाहेरचं कवच ठीक असणार. माझाही एकदा जळला होता. नुसत्या चकत्या बदलायच्या."

"त्या मिळत नाहीत."

"नव्या मिळत नाहीत. जुन्यांवर नवा थर चढवून मिळतो. शेतीच्या यंत्रांच्या क्लच-चकत्या दुरुस्त करणारा एक कारखाना आहे, माझ्या त्यानेच केल्या. फक्त बसवण्याआधी त्या पूर्ण एक दिवस तेलात भिजू द्यायच्या. थराच्या आत तेल मुरलं पाहिजे. तिथे घाई करायची नाही."

निघताना त्याच्या बायकोने गरम पावांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली, मास्तरांच्या मांडीला लागून. परतीच्या वाटेवर मास्तरांनी त्यातले किती खाल्ले ते सांगण्यासारखं नाही.

नटबोल्टने डबा उघडला. बेकरीवाल्याचं खरं निघालं. कवच शाबूत होतं, पातळ चकत्या तेवढ्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. मास्तर स्टूल घेऊन बसले आणि एकेक चकती रॉकेलमध्ये बुडवून मऊ ब्रशने घासू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. नवरा शाळेतून येताना एक द्रावण घेऊन आला, त्याने उरलेली काजळी सुटली. "क्लचवर झोपणारा माणूससुद्धा कामाला येतो," तो म्हणाला. बाईंनी त्याच्या पाठीवर तेलकट हात मारला.

चकत्या कारखान्यात गेल्या आणि नव्या थरासकट परत आल्या त्या नेमक्या शाळेत जायच्या आदल्या दिवशी. मधल्या काळात बाई वर जायच्या त्या दूधवाल्याच्या टेम्पोतून. शाळेतल्या एका लहान मुलीचं नवं यंत्र दुसऱ्या दिवशी बसवायचं होतं आणि त्यांना आपल्या गाडीने जायचं होतं.

"दुपारपर्यंत भिजवल्या तर पुरे नाही का?" त्यांनी विचारलं.

"बेकरीवाला पूर्ण एक दिवस म्हणाला होता," मास्तर म्हणाले.

"तेल पातळ आहे. मुरेल लवकर."

नटबोल्टने खांदे उडवले. संध्याकाळी डबा बसला, शाफ्ट लागला, चारही टायर एकदम नवे चढले. गॅरेजच्या बाहेर पहिल्या वळणावरच मागून करकर आवाज आला आणि गाडी शहारली. थोडं पुढे गेल्यावर परत. आता तो आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता.

"बसेल, ताई," नटबोल्ट म्हणाला. "चार-आठ दिवस चालवा, नरम पडेल."

बाईंनी इंजिन बंद केलं.  मग खाली उतरल्या. "नाही पडणार. कोरड्या चकत्या एकमेकींना धरतायत. घाई मीच केली. सगळं परत उघडायचं."

"परत?"

"परत. आणि चकत्या खराब झाल्या असतील तर परत कारखान्यात."

दुसऱ्या दिवशी बाई दूधवाल्याच्या टेम्पोनेच शाळेत जाऊन आल्या. मग बाह्या सरसावून नटबोल्टबरोबर स्वतः गाडीखाली शिरल्या. एक चकती वाया गेली होती, ती पुन्हा करून आणावी लागली. बाकीच्या सगळ्या तेलाच्या परातीत ठेवल्या आणि परातीवर राखण करायला मास्तर बसले. नटबोल्ट अधूनमधून विचारायचा, काढू का? मास्तर नुसता हात वर करत, तलावाच्या काठावर शिट्टीआधी मुलांना थांबवत तसा. त्यांनी हात खाली घेतला तेव्हा दुसरा दिवस उजाडून वर आला होता.

या वेळी गाडी वळली ती गुळगुळीत. बाईंनी मैदानावर दोन्ही बाजूंना गोल गोल फिरवून पाहिली, काचा वर करून, काचा खाली करून. गुणगुण नव्हती, करकर नव्हती. नटबोल्टने हळूच विचारलं, "काही ऐकू येतंय का?"

"तुझ्या खिशातले नटबोल्ट," बाई म्हणाल्या, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

शाळेत जायच्या दिवशी बाई पेटी घेऊन बाहेर आल्या. मास्तर मागच्या सीटचं दार उघडून बसायच्या बेतात होते. बाई सरळ डावीकडून, सोबत्याच्या दाराने आत शिरल्या आणि पट्टा लावला.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही चालवा."

"मी सांगितलंय, मी हात लावणार नाही."

"ऐकलं मी. पोराने एकदा नाकातोंडात पाणी घेतलं तर तुम्ही काय करायचात?"

"ते वेगळं. ती पोरं लहान असायची."

"काय करायचात?"

मास्तर गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. "त्याच दिवशी परत पाण्यात उतरवायचो," ते नाराजीनेच म्हणाले. "नाहीतर ती परत येत नसत."

"तुम्हाला तर मी पुष्कळ दिवस दिले. मला डोंगर चढायला घरात दुसरा माणूस हवा, बाबा. माझा हात मोडला, मला ताप आला, तर मुलांकडे कोण नेणार? तुमचा मुलगा?"

घराच्या दारात उभा असलेला मुलगा म्हणाला, "मी ऐकतोय."

मास्तर वळसा घालून आले. सीट मागे सरकवली, आरसे आपल्या उंचीला लावले.  गावातून ते फार हळू गेले, इतके की एका सायकलवाल्याने मागे वळून पाहिलं. घाट सुरू झाला तसा त्यांचा पाय जरा सैल झाला. बाईंनी एकदाच तोंड उघडलं, "तिसरा टाका," आणि मास्तर म्हणाले, "टाकतोय ना."

खडीच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली. गटाराचा चाकाने खरवडलेला काठ अजून दिसत होता. दोघांनी तिकडे पाहिलं. "थांबू नका," बाई म्हणाल्या. मास्तरांनी पहिला टाकला. पुढची चाकं क्षणभर सरकली, खडी उडाली, आणि मग मागून एक घट्ट, समजूतदार धक्का आला. गाडी वळण चढून वर आली.  तिथून शाळेच्या फाटकापर्यंत मास्तरांनी वेग कमी केला नाही.

शाळेच्या आवारात मुलं धावत आली. त्यातल्या बऱ्याच जणांना गाडीचा आवाज ऐकू येत नव्हता, पण ती अंगणात शिरली की त्यांना पायाखाली कळायचं. ती गाडीभोवती जमली आणि एकेकाने बॉनेटवर तळहात ठेवले, मोठ्यांनी वर, छोट्यांनी दिव्याजवळ. एका मुलीने मास्तरांकडे पाहून मूठ फिरवून दाखवली. अजून जोरात, असं ती म्हणत होती.

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. उभ्या गाडीचं इंजिन उगाच गुरगुरवलेलं तिला अजिबात खपत नसे.

"गरम झालंय," बाई म्हणाल्या. "द्या थोडं."

मास्तरांनी पाय दाबला. पत्र्यातून तो थरार मुलांच्या हातांत गेला आणि सगळ्यांचे चेहरे एकदम फुलले. मुलीने पुन्हा मूठ फिरवली, मास्तरांनी पुन्हा दाबलं. बाई पेटी घेऊन पायऱ्या चढू लागल्या. मागून तलावाच्या त्या काठावर पोचेल असा आवाज आला.

"उतरताना पण मीच चालवणार आहे."

"ऐकू आलं," बाई न वळता म्हणाल्या, आणि आत गेल्या.